तळघरात टाइल बसवण्याआधी पाण्याला वाट करून द्या

नवरात्राच्या सुमारास पावसाचा जोर ओसरला की जबलपुरातल्या ओमती, घंटाघर, नौदरा ब्रिज या पट्ट्यातल्या घरमालकांना आणि दुकानदारांना दर वर्षी तेच प्रश्न पडतात. तळघरात यंदाही पाणी शिरले, कोबा ठिकठिकाणी उखडला, भिंतीच्या पायथ्याशी लोणा आला. तर दिवाळीच्या आत स्वतःच टाइल बसवून टाकाव्यात का? सिरॅमिक घ्यावी की व्हिट्रिफाइड? एपॉक्सी ग्राउट भरले म्हणजे पाणी कायमचे थांबेल ना? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत आणि ती पुढे दिली आहेत. घोळ तिसऱ्या प्रश्नात आहे, कारण टाइल पाणी अडवते असे त्यात धरून चाललेले असते. टाइल पाणी अडवत नाही. ती पाण्यात टिकते आणि पाणी गेल्यावर धुऊन काढता येते, एवढेच तिचे काम. पाणी अडवायचे किंवा बाहेर काढायचे ते तिच्या खालच्या आणि भोवतालच्या गोष्टींनी. ती तयारी झालेली असेल तर टाइल बसवणे थोडी चिकाटी असलेल्या कोणालाही सुट्टीच्या दिवसांत जमते. झालेली नसेल तर महागातली महाग टाइलही दुसऱ्या पावसाळ्यात पोकळ वाजू लागते.

पाणी येते कुठून?

जबलपूरला वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ओमती नाला आणि मोती नाला हे शहराचे पावसाचे पाणी वाहून नेणारे दोन मोठे मार्ग. नाला काठोकाठ भरला की त्याला मिळणाऱ्या गटारांचे पाणी पुढे सरकत नाही. ते तुंबते, मागे फिरते आणि आसपासची सर्वांत खोल जागा गाठते. ही खोल जागा बहुतेक वेळा कोणाचे तरी तळघर असते. जबलपूर एके काळी बावन्न तलावांचे शहर म्हणून ओळखले जाई. रानीताल, चेरीताल, हाथीताल ही नावे वस्त्यांना राहिली, पण तिथले पाणी गेले. जो पाऊस तलावात विसावत असे तो आता डांबरावरून थेट नाल्याकडे धावतो. त्यात शहराच्या बऱ्याच भागात काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर नुसत्या कोब्याची जमीन असेल तर ती दर वर्षी थोडी वर-खाली होते. मदनमहालच्या बाजूला ग्रॅनाइटचा खडक वर आलेला आहे, तिथे हा त्रास कमी. म्हणून गावातल्या दुसऱ्या टोकाच्या नातेवाइकांच्या तळघरात जे टिकले ते तुमच्याकडे टिकेलच असे नाही.

तळघरात पाणी तीन वाटांनी येते आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे:

- वरून, जिन्याने किंवा उतारावरून. हे पाणी गढूळ असते, सोबत माती, पिशव्या, पाने आणते आणि रस्ता भरल्यावरच येते. यावर उपाय दारापाशी आहे, जमिनीत नाही.
- उलटे, नहाणी ट्रॅपमधून. तळघरातली जाळी रस्त्यावरच्या चेंबरपेक्षा खाली असते, त्यामुळे गटार तुंबले की पाणी उलट्या दिशेने चढते. ते काळपट असते, त्याला दुर्गंधी असते. जिना कोरडा आणि जाळीभोवती मात्र तळे, असे दिसले तर शंका उरत नाही.
- खालून, जमिनीतून. हे पाणी स्वच्छ असते, भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या सांध्यातून किंवा कोब्याच्या भेगेतून पाझरते आणि पाऊस थांबल्यावरही दोन-चार दिवस येत राहते. लोणा हे याच पाण्याचे चिन्ह. पाणी सिमेंटातले क्षार घेऊन वर येते, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात.

अनेक तळघरांत यातल्या दोन वाटा एकदम चालू असतात. पाणी एकदा पसरले की सगळे सारखेच दिसते, तेव्हा ते शिरत असतानाच टॉर्च घेऊन पाहणे हाच खात्रीचा मार्ग. फक्त त्याआधी वरच्या मजल्यावरून तळघराची वीज बंद केलेली हवी.

चाचणी ऑगस्टमध्ये, काम फेब्रुवारीपासून

मे महिन्यात जबलपुरातले जवळपास प्रत्येक तळघर कोरडे असते. म्हणून मे महिन्यात केलेली ओलाव्याची चाचणी तुम्हाला काहीच सांगत नाही, आणि नेमकी त्याच भरवशावर बहुतेकांची टाइल बसते. चाचणी साधी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा स्वच्छ कोब्यावर अंथरा, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि पूर्ण एक दिवस तसाच ठेवा. उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा कोब्याचा तेवढा चौकोन गडद झालेला दिसला, तर ओलावा जमिनीतून वर येतो आहे. एक तुकडा खोलीच्या मध्यावर, दोन भिंतींलगत आणि एक सर्वांत जुन्या भेगेवर लावा. ऑगस्टच्या झडीत हे करा, निकाल लिहून ठेवा, भिंतीवर पाण्याची सर्वोच्च रेषा खडूने नव्हे तर ऑइलपेंटने आखा. पुढचे सगळे निर्णय याच कागदावर आणि याच रेषेवर घ्यायचे आहेत.

दिवाळीच्या आत टाइल बसवण्याचा मोह सोडा. ऑक्टोबरात वरून कोरडा दिसणारा कोबा आतून भिजलेलाच असतो. त्यावर टाइल बसवली की आतला ओलावा अडकतो आणि ग्राउटमधून लोणा होऊन बाहेर पडतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत चांगला.

दाबाचा हिशेब, जो टाळता येत नाही

वरून आणि जाळीतून येणारे पाणी त्रासदायक खरे, पण ते अडवता येते. जमिनीतून येणाऱ्या पाण्याचे तसे नाही, कारण त्याच्यामागे दाब असतो. एक मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे एक टन. आता तुमच्या तळघराची जमीन पाहा. जुन्या घरांत ती बहुधा १० सेंटिमीटर जाडीचा, सळईविना घातलेला कोबा असते. अशा कोब्याचे वजन दर चौरस मीटरला साधारण २४० किलो. म्हणजे कोब्याच्या तळापासून मातीतले पाणी फक्त २४ सेंटिमीटर चढले की वर ढकलणारा दाब आणि कोब्याचे वजन बरोबरीत येतात. त्यातले १० सेंटिमीटर कोब्याच्याच जाडीचे. तेव्हा भिंतीपलीकडच्या मातीत पाणी तुमच्या पायाखालच्या जमिनीपेक्षा १४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही, इतके वर आले की पुरे. ओमतीच्या सखल भागात जुलै-ऑगस्टमध्ये एवढे पाणी चढणे अजिबात अवघड नाही.

मग जुना कोबा दर वर्षी फुटत कसा नाही? कारण तो गळतो. भेगांतून आणि सांध्यांतून पाणी आत येते, त्यामुळे खालचा दाब साठत नाही. तुम्ही ज्याला दोष समजता ती गळतीच तुमच्या जमिनीला वाचवत असते. त्याच कोब्यावर एकसंध, एपॉक्सीने बंद केलेली टाइल बसवली की ही सुटकेची वाट बंद होते. टाइल नीट, पूर्ण पृष्ठभागाने चिकटलेली असेल तर ती स्वतः उखडणार नाही. चांगला अॅडहेसिव्ह या दाबाला सहज पुरून उरतो. पण टाइलने सोसलेला दाब जाणार कुठे? तो कोब्यावर जातो, कोबा फुगतो, त्याला नवी भेग पडते आणि तीच भेग टाइलवर सरळ रेषेत उमटते. टाइल अर्धवट चिकटलेली असेल, खाली पोकळ्या असतील, तर मात्र पाणी त्या पोकळीत शिरून टाइलच उचलते. ६० सेंटिमीटर लांब-रुंद टाइल साधारण आठ किलोची. ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब तिला १०० किलोहून जास्त ताकदीने वर ढकलतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: मोठ्या इमारतींची तळघरे कोरडी असतात, रुग्णालयांत तर तिथे यंत्रे ठेवलेली असतात, मग आपल्याच नशिबी हे का? तिथे जमीन म्हणून सळईचा जाड स्लॅब असतो, तो वर ढकलणाऱ्या दाबाचा हिशेब करून घातलेला असतो, आणि जलरोधक थर बांधकामाच्या वेळीच बाहेरच्या, मातीकडच्या बाजूने दिलेला असतो. बांधून झालेल्या घरात ती बाजू हाताशी राहत नाही. आतून लावायचे सिमेंट-आधारित स्फटिकी लेप मिळतात आणि ते उपयोगाचेही आहेत. सळईच्या काँक्रीटवर, भेगा भरून घेऊन लावले तर ओल नक्की कमी करतात. पण पातळ कोब्याला ते ताकद देऊ शकत नाहीत. गळती थांबवण्याआधी दाब सोसणारी जमीन हवी. ती नसेल तर पाण्याला ठरलेल्या वाटेने येऊ द्यायचे आणि बाहेर काढायचे, हाच शहाणपणाचा मार्ग.

वाट कशी करायची?

भिंतीलगत तळघराच्या चारही बाजूंनी, निदान ज्या भिंतींतून पाझर आहे तिथे, एक अरुंद नाली ठेवा. तिला एका कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे उतार द्या आणि खड्ड्यात तरंगत्या स्विचवर चालणारा पाणबुडी पंप बसवा. पाझरलेले पाणी नालीत उतरते, खड्ड्यात जमते, पंप ते उपसतो आणि टाइलखाली दाब साठत नाही. नाली काढणे आणि खड्डा खणणे ही कामे मात्र स्वतः करू नका. खड्डा खांबाच्या पायाजवळ गेला तर पायाखालची माती सुटू शकते. जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आखून घ्या. १९९७च्या २२ मेच्या भूकंपाआधीची इमारत असेल तर जुन्या भेगाही त्यांना याच भेटीत दाखवा.

- पंपाचा पाइप रस्त्यावर पाणी चढते त्या रेषेच्या वर नेऊन मग खाली वळवा आणि त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. नाहीतर उपसलेले पाणी त्याच पाइपाने परत येते.
- पंप इन्व्हर्टरवरही चालला पाहिजे. वादळी पावसात वीज जाते, आणि पंपाची गरज त्याच वेळी असते.
- पाणी पावसाच्या गटारात सोडा. मैलावाहिनीत नको, शेजाऱ्याच्या आवारात तर नकोच.
- नहाणी ट्रॅपच्या ओळीवर प्लंबरकडून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. तळघरात पाणी वापरतच नसाल तर ती ओळ कायमची बंद करणे त्याहून चांगले.
- जिन्याच्या किंवा उताराच्या तोंडाशी पक्का उंचवटा करा. सरकवून बसवायची फळी लावणार असाल तर ती आतूनही एका हाताने निघाली पाहिजे.
- तळघराच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा ब्रेकर) लावा, आणि प्लग व बोर्ड त्या ऑइलपेंटच्या रेषेच्या बरेच वर घ्या.

एवढा खर्च करायचा तर मग टाइलला पैसे उरतील कुठे, असे तुम्ही म्हणाल. उरणार नसतील तर टाइल नंतर बसवा. पंप, नाली आणि व्हॉल्व्ह असलेला नुसता कोबा कामाचा आहे. ते काहीच नसलेली चकचकीत फरशी पावसाळ्यापुरतीही कामाची नाही.

या तळघरांत टाइल बसवूच नका

पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात बसते असे दिसत असेल, म्हणजे एकाच भेगेची रुंदी ऋतूप्रमाणे बदलत असेल, तर कोणतीही कडक फरशी टिकणार नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये मोजा. फरक पडला तर आधी जमीनच नव्याने घालावी लागेल. पंप चालू असूनही पाझर थांबत नसेल तरी टाइल नको. अशा ठिकाणी घोटून गुळगुळीत केलेला आयपीएस कोबा ठेवा. त्याची भेग दिसते, दिसली की भरता येते. टाइलखालची भेग वर्षभर लपून राहते. लॅमिनेट, लाकडी फरशी किंवा खाली फोम असलेले कोणतेही आच्छादन तर पूर येणाऱ्या तळघरात आणूच नये. एकदा भिजले की ते टाकून द्यावे लागते आणि तोवर खाली बुरशी पोसते.

कोणती टाइल, कोणता माल?

पाणी ०.५ टक्क्यापेक्षा कमी शोषणारी व्हिट्रिफाइड टाइल घ्या, तीही मॅट, न घसरणारी. साधी सिरॅमिक भिंतीसाठी ठीक आहे. खालून सतत ओल असेल तर तिचा मागचा भाग पाणी धरून ठेवतो. आकाराच्या बाबतीत दुकानदाराचे ऐकू नका. २ बाय ४ फुटांच्या टाइल सध्या खूप चालतात, पण उतार असलेल्या जमिनीवर त्या नीट बसत नाहीत, खाली पोकळी राहते आणि एकट्या माणसाला उचलता येत नाहीत. ३० सेंटिमीटरची टाइल उताराशी जुळवून घेते, आणि एखादी फुटली तर तेवढीच काढता येते. कटनी जवळ असल्याने तिथला मार्बल स्वस्तात मिळतो, पण तो पाणी शोषतो, गटाराच्या पाण्याचे डाग धरतो आणि आम्लाने खराब होतो. तो वरच्या मजल्यावर वापरा.

सिमेंट-वाळूच्या जाड मालावर टाइल बसवण्याची पद्धत मिस्त्रींच्या हातात बसलेली आहे आणि कोरड्या घरात ती वर्षानुवर्षे टिकली आहे, हे खरेच. तळघरात मात्र तो दीड-दोन इंचांचा थर पाणी शोषून धरतो, महिनोन्महिने सुकत नाही आणि तळघराची उंचीही कमी करतो. इथे अॅडहेसिव्हच वापरा. पिशवीवर आयएस १५४७७ हे मानक आणि त्यातला प्रकार छापलेला असतो: टाइप १ हा साध्या सिरॅमिकसाठी, व्हिट्रिफाइडसाठी किमान टाइप २. सांध्यांसाठी एपॉक्सी ग्राउट घ्या. ते पाणी अडवील म्हणून नाही, तर गटाराचा गाळ त्यात मुरत नाही आणि नंतर घासून स्वच्छ करता येते म्हणून.

बसवण्याचा क्रम

1. कोबा खरवडून स्वच्छ करा. जुना रंग, तेल, सुटा भाग, लोणा, काहीही शिल्लक नको. कोबा हातोडीने ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथे फोडून दुरुस्त करा. जमीन नव्याने घातली असेल तर २८ दिवस थांबा.
2. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात, जिथे नाली नाही तिथे, पॉलिमर मिसळलेल्या मालाचा गोलसर वाटा मारा. काटकोनी सांधा सर्वांत आधी गळतो.
3. उतार तपासा: दर मीटरला एक सेंटिमीटर, नालीच्या किंवा खड्ड्याच्या दिशेने. दोरी आणि लेव्हल पट्टी लावून मोजा, मग बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी जिथे थांबेल तिथला खड्डा आताच भरा. अॅडहेसिव्हने उतार काढता येत नाही.
4. टाइल कोरड्याच मांडून पाहा. सगळ्या पेट्या एकाच बॅचच्या आहेत ना हे इथेच कळते. कापण्यासाठी हाताने चालवायचा कटर वापरा. ग्राइंडरची धूळ बंद तळघरात फुप्फुसांना घातक असते, तो वापरायचाच झाला तर उघड्यावर, मास्क लावून.
5. टाइल पाण्यात भिजवू नका. ती सवय सिमेंटच्या कामाची. आधी पाणी घ्या, त्यात पावडर मिसळा, पाच मिनिटे मुरू द्या, पुन्हा ढवळा. घट्ट होत आलेल्या मालात पाणी घालून तो वापरू नका.
6. दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढत, हात पोचेल एवढ्याच भागावर माल पसरा. टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवा. बोटाने माल दाबून पाहा: बोटाला चिकटला नाही तर त्यावर साय धरली आहे, तो खरवडून टाका.
7. टाइल ठेवून रेघांच्या आडव्या दिशेने किंचित सरकवा आणि रबरी हातोड्याने ठोका. पहिल्या काही टाइलपैकी एक लगेच उचलून पाठ बघा. जिथे रेघा तशाच उभ्या दिसतात तिथे हवा राहिली आहे. तळघरात पाठीचा किमान ९५ टक्के भाग मालाने भरलेला हवा, कोपरे तर पूर्णच.
8. सांधे तीन मिलिमीटरचे ठेवा. भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटरची फट सोडा. खोली चार-पाच मीटरपेक्षा लांब असेल तर मधेही एक. या फटींत ग्राउट नको, लवचीक सीलंट भरा.
9. एक दिवस कोणी पाय ठेवू नये. मग ग्राउट. एपॉक्सी अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होऊ लागते, म्हणून थोडे थोडे मिसळा आणि टाइलवरचा पातळ थर त्याच वेळी पुसून काढा. वाळल्यावर तो निघत नाही.
10. आठवडाभर जड सामान आणि पाणी दूर ठेवा. भिंतीला स्कर्टिंग म्हणून त्याच टाइलची फूट-दीड फुटाची पट्टी घ्या. पुट्टी आणि पीओपी पहिल्याच पाण्यात गळून पडतात.

सहावी आणि सातवी पायरी सर्वांत जास्त वेळ घेतात आणि घाईत सर्वांत आधी त्याच वगळल्या जातात. मजुरीवर काम देणार असाल तरी उचलून पाठ दाखवण्याचा आग्रह धरा. स्वतः काम करण्याचा मोठा फायदा पैशांचा नाही. प्रत्येक टाइलची पाठ तुम्ही पाहिलेली असते, हा आहे.

तरीही पाणी भरले तर

तळघर पूर्ण भरले असेल तर ते एका झटक्यात उपसू नका. आतले पाणी बाहेरच्या दाबाला तोलून धरत असते. ते घाईने काढले की भिंत आत येऊ शकते किंवा जमीन फुटू शकते. रस्त्यावरचे पाणी उतरू द्या, मग फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा आणि रात्रभर थांबा. पातळी पुन्हा चढली तर बाहेरची माती अजून भरलेली आहे. पेट्रोल किंवा डिझेलवरचा पंप अथवा जनरेटर तळघरात चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि बंद जागेत माणूस बेशुद्ध होऊन दगावतो. गाळ ओला असतानाच काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. टाइल चमकवण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे अॅसिड आणि जंतू मारायची ब्लीचिंग पावडर एकाच दिवशी, एकाच जागी कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

नियम आणि तुमचे हक्क

टाइल बसवली की तळघर खोलीसारखे दिसू लागते, आणि मग तिथे पलंग येतो, शिकवणी सुरू होते. हे थांबवले पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघर राहण्यासाठी नाही. साठवण, वाहने, यंत्रसामग्री अशा वापरासाठी आहे. त्याची उंची किमान २.४ मीटर हवी आणि पृष्ठभागावरचे पाणी आत येऊ नये अशी व्यवस्था बंधनकारक आहे. जबलपुरात मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ लागू आहेत. तुमच्या मंजूर नकाशात तळघराचा कोणता वापर लिहिला आहे ते पाहा. खणण्याचे काम किंवा वापरातला बदल करण्याआधी नगर निगमकडे विचारणा करा. दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये २७ जुलै २०२४ रोजी शिकवणीवर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. तिथे वाचनालय चालत होते, पण ते तळघर त्यासाठी मंजूर नव्हते. ज्या तळघरात रस्त्याचे पाणी एकदाही शिरले आहे तिथे पावसाळ्यात कोणालाही झोपू देऊ नका.

- भाडेकरू असाल तर मालकाची लेखी परवानगी घ्या, आणि सोडून जाताना खर्चाचे काय होणार हेही त्यात लिहून घ्या.
- जलरोधनाचे काम ठेकेदाराकडून करवून घेत असाल तर ‘दहा वर्षांची हमी’ या शब्दांवर थांबू नका. जमिनीतून दाबाने येणारे पाणी त्या हमीत आहे की नाही, ते बिलावर लिहून मागा. बहुतेक वाद इथेच सुरू होतात.
- माल किंवा काम सदोष निघाले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिल, पिशवीवरचा बॅच क्रमांक आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा.
- विमा असेल तर पूर त्यात समाविष्ट आहे का ते पाहा. २०२१पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत तो आहे. सर्वेक्षक येईपर्यंत फोटो न काढता काहीही फेकू नका.
- पुरात घराचे नुकसान झाले तर राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ खाली शासनाची मदत मिळते. पटवाऱ्याचा पंचनामा वेळेत करवून घ्या.
- नाला किंवा गटार तुंबल्याची तक्रार नगर निगमकडे लेखी द्या, दाद लागली नाही तर सीएम हेल्पलाइन १८१ वर नोंदवा. तक्रार मे महिन्यात करा; ऑगस्टमध्ये गाळ काढायला कोणी नाल्यात उतरू शकत नाही.

टाइल विकत घेताना मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेली पेटी वरच्या मजल्यावर ठेवा. तीच छटा, त्याच बॅचची टाइल दोन-तीन वर्षांनी सहसा मिळत नाही, आणि पुढेमागे एखादी काढावी लागली तर तीच उपयोगी पडेल.